आंधीतलं वरण

वरणाला गुळाची चव होती. पहिला घास गिळून झाला तेव्हा जनार्दन पिंपळखरेच्या ते ध्यानात आलं, आणि दुसरा घास हातातच राहिला. आधी गूळ आणि मागून हिंग. घरात रोज असतं तसंच वरण, त्यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं गच्चीवरच्या सोलर कुकरमध्ये जो डबा ठेवला होता त्यात तूरडाळ, पाणी, मीठ आणि चिमूटभर हळद यांखेरीज काहीही नव्हतं. मधुमतीनं तेव्हा विचारलं होतं, थोडा गूळ घालू का, आणि तो तिच्यावर वसकन ओरडला होता, की बाई, ही परीक्षा आहे, जेवण नाही. आता परीक्षक समोर चटईवर मांडी घालून जेवत होते. दिल्लीहून आलेल्या समितीचे तिघे, आणि त्यांना सगळीकडे फिरवणारा जयपूरच्या सरकारी खात्याचा माथुर. अध्यक्ष चतुर्वेदी साहेबांनी वाटी सरळ तोंडाला लावली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पीपलखरे जी, दाल तो कमाल की है। ज़रा मीठी-मीठी।" जनार्दननं मान वर केली. दारात तुपाची वाटी घेऊन मधुमती उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती चतुर्वेदींना म्हणाली, "हमारे यहाँ ऐसी ही बनती है, जी," आणि त्यांच्या भातावर तूप वाढलं.

 जनार्दनचं मन पळवाटा शोधू लागलं. वाढताना तिनं गूळ घातला असेल. पण वाढलं कुणी? डबा माथुरनं ओल्या पंच्यात धरून गच्चीवरून खाली आणला होता, सगळ्यांच्या देखत झाकण काढलं होतं, वाफ आली तेव्हा स्वतःच टाळी वाजवली होती, आणि पळीनं वरण वाढणाराही तोच. मधल्या काळात मधुमतीचा हात डब्याला लागलेला नव्हता. मग आधी? तो स्वतः साडेनऊलाच माथुरच्या जीपमधून समितीला आणायला सर्किट हाउसला गेला होता. समिती अकराला यायची होती. पण समितीला आमेरचा किल्ला बघायचा होता, मग कुणाला तरी मोजड्या घ्यायच्या होत्या, आणि जनार्दन सर्किट हाउसच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून राहिला. तिथं बसल्याबसल्याच त्यानं आभाळ पिवळं होताना पाहिलं. पश्चिमेकडून आंधी आली, अंगणातल्या कडुलिंबाची पानं आणि धूळ आणि कुणाचं तरी वर्तमानपत्र असं सगळं उडालं, सूर्य पितळी ताटासारखा फिका झाला आणि तसाच राहिला. माथुर कपाळाला हात लावून म्हणाला होता, आजचा दिवसच मनहूस निघाला. आणि जनार्दनला, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. भीती वाटत होतीच, पण त्या भीतीच्या आत शाळेतल्यासारखा एक आनंद होता, की पेपरात नेमका तोच प्रश्न आलाय ज्याच्यासाठी दोन वर्षं अभ्यास केला. आणि इकडे घरी उत्तरपत्रिका बदलली जात होती.

कारण उन्हात डाळ शिजवणारी पेटी काही त्यानं शोधून काढलेली नव्हती. लाकडाची पेटी, आत काळा रंग, वर काच, झाकणाला आरसा. तसल्या पेट्या सरकारनं आधीच गावोगाव वाटल्या होत्या. त्याची गोष्ट पुढची होती. रेल्वेत असताना गाड्यांच्या दिव्यांचं काम बघायला तो रुळांवरून हिंडायचा, आणि मे महिन्यात ऊन उतरल्यावरही रुळांखालची खडी बुटाच्या तळव्याला चटके देते हे त्याला पायांनीच शिकवलं होतं. तीच खडी त्यानं पेटीच्या तळाशी घातली. सकाळी खडी तापवायची, मग ऊन गेलं तरी ती उष्णता धरून ठेवील आणि अन्न शिजत राहील. एवढंच. एवढ्यासाठी त्यानं पेन्शनची नोकरी सोडली, मुरलीपुऱ्यात खाली पत्र्याची शेड असलेलं हे भाड्याचं घर घेतलं, आणि केंद्राच्या नव्या उपकरणांच्या योजनेत अर्ज केला. भुसावळहून बदलून आलेल्या त्याच्या वडिलांनी पुढचा सगळा जन्म या शहरात रेल्वे कॉलनीच्या भिंतीआड काढला, आणि मुलगा त्या भिंतीबाहेर पडला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, की हे सरकार म्हणजे नेमकं कोण? तेव्हा जनार्दनला तो म्हातारपणाचा प्रश्न वाटला होता. पुढं त्याला उत्तर देता येईना. ज्या अधिकाऱ्यानं अर्ज घेतला तो बदलून गेला, त्याच्या जागी आलेल्यानं पेटीचा नकाशा नव्यानं मागितला, तिसऱ्यानं तापमान मोजण्याचं यंत्र घेतल्याशिवाय फाइल हलणार नाही म्हणून सांगितलं. जनार्दननं ते मागवलं. मखमलीच्या पेटीत ते आज सकाळपासून चटईशेजारी ठेवलं होतं, आणि एका सभासदानं त्याच्यावर आपला चष्मा काढून ठेवला होता.

आणि चाकसू गावचा मेळा. तो किस्सा त्यानं कितीदा तरी रंगवून सांगितला होता. मागच्या वर्षी खात्यानं शीतलामातेच्या मेळ्यात त्याच्या कुकरचं प्रात्यक्षिक ठरवलं, कारण दिल्लीत कुणालातरी कळलं की तिथं तोबा गर्दी होते. आता त्या दिवशी इकडे कुणी चूल पेटवत नाही. आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंड अन्न देवीला दाखवायचं आणि तेच खायचं. माथुर पिढीजात जयपूरचा, त्याला हे जन्मापासून ठाऊक, पण तारीख वरून आली होती आणि वरून आलेल्या तारखेला तो बोटही लावत नसे. जनार्दनचा जन्म या मुलखात गेला तरी बासोडा, म्हणजे हाच थंड अन्नाचा सण, हे त्याला एखाद्या मिठाईचं नाव वाटत होतं. दिवसभर त्याची खिचडी वाफाळत राहिली आणि माणसं तिला वळसा घालून जात राहिली. एका म्हातारीनं तर हात जोडले, की बेटा, आज तरी नको. अहवालात मात्र हजारोंनी प्रात्यक्षिक पाहिल्याची नोंद झाली, आणि ती खोटीही नव्हती, पाहिलं होतंच. हा किस्सा सांगताना तो स्वतःच आधी हसायचा. आता घास चावताना त्याला वाटलं, त्या दिवशी निदान खिचडी खरोखर शिजली होती. खाणारं कुणी नव्हतं, एवढंच.

मेळ्यानंतर तो तिथल्याच एका ढाणीत, शेतातल्या चार घरांच्या वस्तीत, गेला होता, आधी वाटलेल्या पेट्यांचं काय झालं ते बघायला. ते मात्र त्यानं कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. पहिल्या घरात पेटीत कांदे होते. दुसऱ्या घरातली बाई, हातभर लाखेच्या बांगड्या, त्याला आग्रहानं आत घेऊन गेली. पेटीचा आरसा तिनं उचकटून भिंतीवर खिळ्यांनी ठोकला होता आणि त्याखाली कंगवा ठेवला होता. पेटी कुठं, असं विचारल्यावर तिनं गोठ्याकडे बोट केलं. शिजत नव्हतं का? शिजायचं की, ती म्हणाली, पण आंधी आली की कच्चं राहायचं, आणि घरातली माणसं काही आभाळ बघून भुकेली होत नाहीत. मग ओशाळून, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "काच तो चोखो छै, बाबूजी." आरसा चांगला आहे. त्या वाक्यानं त्याची झोप उडवली होती. शेतातून दमून आलेल्या बाईपुढे अर्धकच्ची डाळ ठेवायची आणि तिनं पुन्हा काटक्या गोळा करायला जायचं, हे आपल्या हातून होता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्यानं धरून ठेवली होती. खडी पेटीत आधीपासून होतीच. तिची खरी परीक्षा आंधीत, हे त्या दिवशी ठरलं. मार्चमध्ये एकदा धुरकट उन्हात डाळ शिजली. एप्रिलमधल्या आंधीत कच्ची राहिली. त्यानं खडीचा थर वाढवला, काच दुहेरी केली. आज कळणार होतं.

चतुर्वेदी हात धुऊन आले आणि लोडाला टेकले. ते वाईट गृहस्थ नव्हते. जनार्दनला ते आवडलेही होते. ते म्हणाले की आंधीत सुद्धा डाळ शिजली, हे त्यांनी सतरा राज्यं फिरून कुठं पाहिलं नाही. चाकसूच्या बाजूला तीनशे पेट्यांची मंजुरी ते इथंच देऊन टाकतात. चाचणीचा अहवाल पीपलखरे जींनीच लिहून माथुरकडे द्यावा, समिती सही करील. माथुरनं जनार्दनच्या गुडघ्यावर थाप मारली. जनार्दनच्या तोंडात वाक्य तयार होतं. साहेब, हे वरण पेटीतलं नाही. सहा शब्दसुद्धा नव्हते. पण ते बोलायचं म्हणजे आत्ता, या चटईवर, तुपाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या बायकोला चार पुरुषांसमोर खोटं ठरवायचं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि कुंकवाला धूळ चिकटली होती. तो म्हणाला, "जी," आणि तो "जी" कशासाठी होता ते त्यालाही कळलं नाही. मग पान झालं, बडीशेप झाली, जीप आली, समिती गेली, आणि गल्लीतली बसलेली धूळ जीपनं पुन्हा उठवली.

तो आत आला तेव्हा मधुमती ताटं गोळा करत होती. डबा कधी बदललास, असं त्यानं विचारलं. तिनं कबूल करायला क्षणही घेतला नाही. आभाळ पिवळं झालं तेव्हा, ती म्हणाली. एप्रिलमध्ये अशाच आंधीत डाळ कच्ची राहिली होती आणि तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसलं तोंड परक्या माणसांसमोर बघायची तिची तयारी नव्हती. शिवाय पाहुणे घरातून अर्धपोटी उठून गेले असते, ते वेगळंच. तिनं प्रेशर कुकर लावला, नेहमीसारखी फोडणी दिली, तसल्याच दुसऱ्या काळ्या डब्यात वरण ओतलं आणि पेटीत पुढं ठेवलं. गूळ हातानं सवयीनंच घातला. तो घालतानाच तिला कळलं होतं, की नवरा चाखल्याबरोबर ओळखणार. हे सगळं ती खाली बघून, खरकटं एका ताटात करत सांगत होती.

"म्हणजे तुझा विश्वास नव्हता," जनार्दन म्हणाला. राग यायला हवा होता. निघाला तो विनवणीचा सूर.

"कदाचित शिजलंही असतं," ती म्हणाली. "पण अहो, दोन वर्षं आपण कदाचितवर काढली. आज मला कदाचित नको होतं."

 दोन वर्षं आपण, असं ती म्हणाली होती. त्याच्या हिशेबात ती दोन वर्षं त्याची एकट्याची होती. गच्चीवर तो उन्हात पेटी फिरवत बसे तेव्हा ही खाली काय करते, असा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता. मुलीला शाळेच्या सुट्टीत साताऱ्याला आजोळी पाठवताना हिनं तिला काय सांगितलं असेल, बाबा काय करतात म्हणून? त्यानं फक्त विचारलं, की माझी डाळ फेकलीस का.

"फेकवेल कशी? पेटीतच आहे. मागच्या कोपऱ्यात सरकवलीय."

तो जिन्यावर निम्म्यात थांबला. गच्चीचं दार उघडं होतं आणि पायऱ्यांवर बारीक पिवळी धूळ साचली होती. वर पेटी होती आणि पेटीत डबा होता, आणि तो उघडला नाही तोपर्यंत आत काहीही असू शकत होतं. ही गोष्ट त्याला एकदम फार सोयीची वाटली, आणि सोयीची वाटली म्हणून भीतीही वाटली. आजवर खात्यातल्या माणसांना तो मनात हसत आला होता. ती माणसं असंच जगत होती, कुठलाही डबा न उघडता, आणि छान जगत होती. मखमलीच्या पेटीतलं ते यंत्र कुणी उघडलं नव्हतं. मेळ्यानंतर ढाणीत कुणी गेलं नव्हतं. आता फक्त त्यानं खाली परत जायचं, अहवाल लिहायचा, त्यातलं एकही वाक्य धादांत खोटं असणार नव्हतं. आंधी होती, वरण होतं, समितीनं खाल्लं. तीनशे पेट्या होतील. शेडमध्ये माणसं येतील, ठोकाठोक सुरू होईल, मुलगी परत येईल तेव्हा खाली फलक लागलेला असेल. आणि कदाचित, कदाचित डाळ शिजलेलीच असेल, मग न बघता लिहिलेला अहवाल खराच ठरेल. असा विचार करत तो पुरता वर पोचला होता हे त्याला नंतर कळलं.

काचेवर धुळीचा थर होता. त्यानं तो बाहीनं पुसला, झाकण वर केलं, मागचा डबा फडक्यात धरून कठड्यावर ठेवला. डबा गरम होता, हात भाजण्याइतका.  झाकण काढल्यावर वाफ आली, पिवळंधमक पाणी, वर फुगलेली डाळ, वास अगदी शिजलेल्या डाळीचा. एक क्षण त्याला खरोखर वाटलं की जिंकलो. त्यानं चमच्यानं तळाची डाळ काढली आणि चिमटीत धरली. वरचा थर दबला, आणि आतला कण टणक लागला. दुसरी घेतली. तीही तशीच. त्यानं ती तोंडात टाकली आणि दाढेखाली ती कचकन फुटली. समितीनं जेवण केलं तेव्हापासून आणखी दीड-दोन तास ती आत होती, तरीही. तो तसाच उभा राहून चमचाभर कच्ची डाळ चावत राहिला. रडू आलं नाही. राग आला, खडीचा, आभाळाचा, स्वतःचा. आणि त्या रागाच्या तळाशी एक अगदी लहान, लाज वाटावी असं समाधान होतं, की आता माहीत आहे.

समिती संध्याकाळच्या गाडीनं जाणार होती. शेजारी शेखावतांकडे फोन होता. शेखावत खाटेवर बसून उसाचा रस पीत होते, त्यांनी हातानंच फोन दाखवला. सर्किट हाउसमधल्या माणसानं चतुर्वेदींना बोलावून आणेपर्यंत जनार्दन त्या काळ्या फोनच्या तबकडीकडे बघत राहिला. मग त्यानं सगळं सांगितलं, वाक्य न तोडता, बायकोचं नाव न घेता. डबा घरात चुकून बदलला गेला, असं म्हणाला. खरी डाळ कच्ची राहिली आहे. मंजुरी थांबवा, मला आणखी एक उन्हाळा द्या. 

"पीपलखरे जी," चतुर्वेदी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच मायेचा होता, "दाल तो हम खा चुके हैं। तीन आदमियों ने खाई है। अब मैं दिल्ली जाकर क्या लिखूँ, कि नहीं खाई?"

जनार्दन म्हणाला की तो अहवाल लिहिणार नाही. ठीक आहे, चतुर्वेदी म्हणाले, माथुर लिहील. उन्हाळा कुणासाठी थांबत नाही आणि मार्चही थांबत नाही. या वर्षी पेट्या झाल्या नाहीत तर मंजुरी परत जाते आणि पुढच्या वर्षी ही योजना राहील की नाही हे त्यांनाही सांगता येणार नाही. नकाशा तर खात्यात जमा आहेच. पीपलखरेंना बनवायच्या नसतील तर दुसरं कुणी बनवील, असे पुष्कळ आहेत, त्यांतल्या कुणालाही डाळीची फिकीर नाही. म्हणून त्यांचं वडीलकीचं सांगणं, की थकलेल्या माणसानं आज काही ठरवू नये. "और भाभी जी को हमारा धन्यवाद कहिएगा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. शेखावतांनी विचारलं, सब ठीक? जनार्दन म्हणाला, सब ठीक.

तो गल्लीतून घराकडे आला. पंचवीस पावलांचीही वाट नव्हती, पण तो मध्येच थांबला. तो बनवील किंवा दुसरा बनवील. पेट्या जातीलच. पुढच्या आंधीत तीनशे घरांत डाळ दाढेखाली कचकन फुटेल, आणि तीनशे भिंतींवर खिळे ठोकले जातील. बनवायच्या तर त्यानंच बनवायच्या, आणि दिवाळीच्या आत त्या खडीला आंधीत डाळ शिजवायला लावायचं. नाहीतर हात झटकून मोकळं व्हायचं आणि दुसऱ्याच्या पेट्यांकडे बघत बसायचं. यातलं प्रामाणिक कुठलं, हे त्याला कळेना, आणि कुणाला विचारावं असं माणूस या शहरात एकच होतं.

मधुमती गच्चीवर होती. तिनं डबा परत पेटीत ठेवला होता, झाकण लावलं होतं, आणि पेटी पश्चिमेकडे फिरवली होती. आंधी ओसरून आता तिरकं, स्वच्छ ऊन पडलं होतं. आजवर तिनं पेटी उन्हाकडे कधी फिरवली नव्हती. आज आरसा मात्र तिनं अगदी बरोबर वाकवला होता, ऊन सरळ डब्यावर पडत होतं. कठड्यावरचा चमचा तिच्या हातात होता. म्हणजे तिनंही डाळ चावून बघितली होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आम्ही खाल्ली आहे."

 त्यानं बाकीचंही सांगितलं, तीनशेचं, माथुरचं, दुसऱ्या कुणाचं. ऐकताना ती पेटीसमोर उकिडवी बसली होती आणि आरशात तिला आपला चेहरा दिसला असावा. तिनं पदराचं टोक ओलं केलं, कपाळावरची धूळ टिपली, कुंकू सारखं केलं. मग नीट दिसेना म्हणून आरसा हातानं जरासा आपल्याकडे ओढला. डब्यावरचं ऊन सरकलं आणि भिंतीवर गेलं.

"मधू," जनार्दन म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "आरसा हलवू नकोस. अजून ऊन आहे."

तिनं हात काढून घेतला. जनार्दन खाली वाकला, आरसा पुन्हा जागेवर वाकवला, ऊन डब्यावर आलं तसा बोटानं तिथंच धरून ठेवला. ती सरकून बाजूला झाली आणि त्याच्यासाठी जागा केली.